पऱ्हाटीचा कोळसा आणि पाण्यातलं विष



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. शिकलेलं विज्ञान गावाच्या कामी आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तो डोळ्यांसमोर ठेवूनच मी आजचा विषय निवडला आहे. पऱ्हाटी, तुराट्या, भाताचं तूस, उसाचं पाचट, नारळाच्या करवंट्या हा सगळा शेतातला टाकाऊ माल. त्याची राख न करता कोळसा केला, तर त्या कोळशानं आपलं पाणी आणि आपली माती स्वच्छ करता येईल का?

माझं उत्तर मी आधीच सांगून टाकतो. करता येईल, पण तीन प्रश्नांची उत्तरं आधी द्यावी लागतील. कोळसा कसा केला? तो कोणतं विष धरणार? आणि विषानं भरलेल्या त्या कोळशाचं पुढे काय करणार? पहिल्या दोन प्रश्नांवर पुष्कळ संशोधन होतं. तिसरा प्रश्न बहुतेक वेळा विचारायचाच राहून जातो, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा प्रश्न तोच आहे. कारण कोळसा विष नष्ट करत नाही, फक्त धरून ठेवतो. आजच्या व्याख्यानात मला प्रामुख्यानं हेच सांगायचं आहे.

सुरुवात आपल्या शेतापासून करू. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे चाळीस लाख हेक्टरांवर कापूस उभा असतो. शेवटची वेचणी झाली की हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) शेतात उरते. ती गुरं खात नाहीत आणि ती लवकर कुजतही नाही. थोडी चुलीला जाते, थोडी कुंपणाला लागते, बाकीची बांधावर ढीग करून पेटवली जाते. यासाठी शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही. पऱ्हाटी शेतात तशीच ठेवली तर किडक्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा उठते. २०१७ साली या अळीनं विदर्भ-मराठवाड्यातला कापूस कसा पोखरला, हे इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटी शेताबाहेर काढा, असं कृषी विभागही सांगतो. काढायची तर मजुरी लागते, वाहून न्यायची तर भाडं लागतं. काडी ओढायला मात्र काहीच लागत नाही.

हा प्रश्न एकट्या कापसाचा नाही. केंद्र सरकारच्या पीक-अवशेषांच्या धोरणात देशातल्या एकूण अवशेषांचा अंदाज वर्षाला सुमारे ५० कोटी टन दिला आहे, आणि त्यातले नऊ कोटी टनांच्या आसपास शेतातच जाळले जातात. पंजाब-हरियाणातलं भाताचं काड पेटतं तेव्हा धूर दिल्लीत पोचतो, म्हणून त्याची बातमी होते. आपल्याकडच्या पऱ्हाटीचा आणि पाचटाचा धूर गावातच राहतो, म्हणून होत नाही. काडीकचरा उघड्यावर जळाला की त्यातला जवळजवळ सगळा कार्बन हवेत जातो, नत्र आणि गंधकही जातात. हाती राहते ती थोडी राख.

हाच काडीकचरा हवा कोंडून तापवला तर वेगळं घडतं. वनस्पतीचं शरीर मुख्यतः तीन पदार्थांचं असतं: हेमिसेल्युलोज, सेल्युलोज आणि लिग्निन. हेमिसेल्युलोज २२० ते ३१५ अंश सेल्सियसच्या दरम्यान फुटतं, सेल्युलोज ४०० अंशांच्या आत फुटतं आणि लिग्निन सावकाश, फार मोठ्या टप्प्यात बदलत जातं. यातून निघणारे वायू आणि डांबरी वाफा बाहेर पडतात आणि मागे कार्बनचा सांगाडा उरतो. सावकाश तापवलं तर मूळ वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के कोळसा मिळतो, आणि मूळच्या कार्बनापैकी निम्म्याच्या आसपास त्यात टिकतो. हेक्टरभर पऱ्हाटीचा हिशेब केला तर पाच ते नऊ क्विंटल कोळसा होतो. बोंडांतल्या अळ्याही त्याच आगीत जातात. मातीत घालण्यासाठी किंवा प्रदूषण आवरण्यासाठी असा मुद्दाम केलेला कोळसा म्हणजे बायोचार.

कोळसा करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. लोणारी कोळसा आपल्या आजी-आजोबांनी शेगडीत वापरला आहे. लाकडाचा ढीग रचून, मातीनं लिंपून, आत आग कोंडणारी ती भट्टी दिवसचे दिवस धुमसत असे. तिचा दोष म्हणजे धूर. न जळालेले वायू, त्यातला मिथेनही, तसेच हवेत जात. पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या ‘आरती’नं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं उसाच्या पाचटाचा कोळसा करणारी भट्टी तयार केली. बंद पिंपात पाचट भरायचं, ते बाहेरून तापवायचं, आणि पाचटातून निघणारा वायू त्याच आगीत जाळायचा, अशी तिची रचना. या कामाला २००२ साली ब्रिटनमधला ॲशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता, पण शेतातला पसरट, हलका, गोळा करायला अवघड असा कचरा गावातच कोळशात बदलता येतो, हे त्यानं दाखवून दिलं.

त्याहून साधी आहे ती खड्ड्याची किंवा शंकूच्या आकाराच्या उघड्या भट्टीची पद्धत. तळाशी आग पेटवायची आणि थराथरानं वाळलेली पऱ्हाटी टाकत जायची. वरच्या थराची ज्वाळा वरची हवा वापरून टाकते, म्हणून खालच्या थराला हवा मिळत नाही आणि तो कोळसा होऊन राहतो. खालून उठणारा धूर ज्वाळेतूनच जातो, म्हणून जळून जातो. शेवटी पाणी किंवा माती टाकून आग विझवायची. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: माल वाळलेला हवा. ओली पऱ्हाटी टाकली की धूर आणि मिथेन दोन्ही वाढतात.

कोळसा नीट झाला का, हे शेतातच पाहता येतं. तो हातावर चोळा. साध्या पाण्यानं हात स्वच्छ झाला तर कोळसा बरा आहे. साबणाशिवाय काळं तेलकट निघत नसेल, तर आत डांबर राहिलं आहे. त्या डांबरात कर्करोगकारक संयुगं असू शकतात. असा कोळसा पाण्यात टाकणं म्हणजे शुद्धीकरणाच्या नावाखाली नवं विष मिसळणं आहे.

हे झालं साध्या कोळशाचं. घरच्या वॉटर फिल्टरमध्ये असतो तो ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे सक्रिय केलेला कोळसा. साधा कोळसा ८०० ते ९०० अंशांवर वाफेत किंवा कार्बन डायऑक्साइडमध्ये तापवला की त्याच्या भिंती आतून कोरल्या जातात आणि लाखो सूक्ष्म छिद्रं उघडतात. कच्च्या मालाला आधीच फॉस्फोरिक आम्ल किंवा झिंक क्लोराइड चोळून तापवण्याची दुसरी पद्धतही आहे. राफाएल फॉन ओस्त्रेको यांनी १९००-१९०१ च्या सुमाराला अशा पद्धतींची पेटंटं घेतली आणि सक्रिय कोळशाचा कारखानदारी इतिहास सुरू झाला. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये आतल्या भिंतींचं एकूण क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात असतं. आपल्या मोजणीत सांगायचं तर चिमूटभर कोळशात सुमारे दहा गुंठे. साध्या बायोचारमध्ये ते बरंच कमी भरतं. म्हणून ही दोन्ही नावं एकाच अर्थानं वापरू नयेत. बायोचार गावात होतो, स्वस्त पडतो आणि मध्यम काम करतो. सक्रिय कोळसा कारखान्यात होतो, महाग पडतो आणि कडक काम करतो. त्यासाठी सर्वांत नावाजलेला कच्चा माल आपल्या कोकणातही पडून असतो: नारळाची करवंटी. ती घट्ट असते, तिच्यात राख कमी असते आणि तिच्या कोळशातली छिद्रं अगदी बारीक होतात.

कोळशाचा हा गुण माणसानं कसा ओळखला, तेही पाहण्यासारखं आहे. १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये योहान टोबियास लोवित्स या रसायनशास्त्रज्ञाला दिसलं की तपकिरी झालेलं टार्टारिक आम्लाचं द्रावण कोळशाच्या सान्निध्यात रंगहीन होतं. पुढे साखर कारखानदारांनी हाडांच्या कोळशानं साखरेचा रंग काढायला सुरुवात केली. मग पहिलं महायुद्ध आलं. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्यानं क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळसा भरलेला मुखवटा तयार केला. १९१८ साली अमेरिकेत पीचच्या बिया आणि अक्रोडासारख्या फळांच्या कवच्या जमा करण्याची देशव्यापी मोहीम निघाली. सुमारे सात पौंड बिया-कवच्यांतून एका मुखवट्यापुरता कोळसा होतो, असं तेव्हा लोकांना सांगितलं जात होतं. मुलांनी गोळा केलेल्या बियांनी सैनिकांची फुप्फुसं वाचवली. फळं खाऊन फेकलेल्या कवचीची किंमत संकटानं शिकवली. आपलं संकट त्या वायूसारखं एका सकाळी समोर आलं नाही. ते विहिरीत आणि ओढ्यात हळूहळू साचत गेलं, इतकाच फरक.

आता पकडण्याची क्रिया कशी होते ते पाहू. पाण्यातला विषाचा रेणू छिद्रातून आत शिरतो आणि भिंतीला चिकटतो. याला अधिशोषण म्हणतात. भिंतीवरच्या जागा मोजक्या असतात, एसटीच्या गाडीतल्या आसनांसारख्या. सुरुवातीला चढलेल्या सगळ्यांना जागा मिळते. गाडी भरत आली की काही प्रवासी फलाटावरच राहतात, म्हणजे गाळणीतून विष पुढे निसटू लागतं. शिवाय चढणारे सगळे विषाचेच रेणू नसतात. कुजलेल्या पाल्याचे, सांडपाण्यातल्या घाणीचे रेणूही जागा अडवतात. म्हणून प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात झकास चाललेला कोळसा नाल्याच्या पाण्यात लवकर थकतो. दुर्दैव म्हणजे गाळणी भरली तरी पाणी दिसायला तसंच नितळ असतं. मोजल्याशिवाय कळत नाही.

इथून दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ: कोणता कोळसा कोणतं विष धरतो?

साधारण नियम असा. सहाशे-सातशे अंशांवर झालेल्या कोळशात छिद्रं जास्त असतात आणि त्याला पाण्यापेक्षा तेलकट, सेंद्रिय रेणू जवळचे वाटतात. अनेक कीटकनाशकं, तणनाशकं, द्रावकं तो चांगली धरतो. चारशे अंशांच्या आसपास झालेल्या कोळशाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट जास्त टिकतात आणि ते शिसं, कॅडमियम, तांबं यांसारख्या धातूंच्या आयनांना बांधतात. कोळशातल्या राखेतले फॉस्फेट आणि कार्बोनेटही शिशाला घट्ट अडकवतात. षट्संयुजी क्रोमियमच्या बाबतीत तर कोळसा आणखी एक काम करतो. पाणी आम्लधर्मी असेल तर तो इलेक्ट्रॉन देऊन या घातक क्रोमियमचं पुष्कळ कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात रूपांतर करतो.

आता उलट बाजू. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत भूजलात फ्लोराइड आहे. मुलांच्या दातांवर डाग पडतात, मोठ्यांची हाडं आणि सांधे आखडतात. साधा लाकडी कोळसा फ्लोराइड जवळपास सोडूनच देतो. त्यासाठी हाडांचा कोळसा, सक्रिय ॲल्युमिना, किंवा नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केलेली तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत असे उपाय लागतात. खतांतून विहिरीत उतरणारं नायट्रेटही कोळसा नीट धरत नाही. आर्सेनिक धरायचं तर कोळशावर लोहाचा लेप द्यावा लागतो. नुसता कोळसा काही मातींत उलट आर्सेनिक मोकळं करतो. आणि कावीळ, कॉलरा, गॅस्ट्रो यांचे जंतू कोळशानं मरत नाहीत. जुन्या, न बदललेल्या गाळणीत जिवाणू वस्तीला येतात. म्हणून वाळू, खडी आणि कोळशाच्या मडक्यांतून गाळलेलं पाणीही प्यायच्या आधी उकळलं किंवा क्लोरीननं निर्जंतुक केलंच पाहिजे.

रंगांची गोष्ट मुद्दाम सांगतो. बायोचारवरचे शेकडो शोधनिबंध मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगावर केलेले असतात. तो स्वस्त आहे, मोजायला सोपा आहे आणि त्याच्यावर धनभार असल्यामुळे कोळशाच्या ऋणभारित पृष्ठभागावर पटकन बसतो. नव्वद-पंचाण्णव टक्के रंग निघाला, असं आपण वाचतो आणि हुरळून जातो. पण इचलकरंजीला किंवा सोलापूरला सुती कापड रंगवताना मुख्यतः रिॲक्टिव्ह रंग वापरतात. त्यांच्यावर ऋणभार असतो आणि सांडपाण्यात भरपूर मीठही असतं. तिथे तोच कोळसा फार कमी काम करतो. संशोधन करणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे: बाटलीत रंग विरघळवून प्रयोग संपवू नका. आपल्या गावच्या नाल्याचं पाणी आणा, आणि त्यावर कोळसा तपासा.

दुसऱ्या प्रश्नाचा एक भाग प्रमाणाचा आहे. एक हिशेब करून पाहू. समजा, एक ग्रॅम कोळसा वीस मिलिग्रॅम विष धरतो. हजार लोकवस्तीच्या गावाला पिण्यासाठी दिवसाला पाच हजार लिटर पाणी लागतं, आणि त्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम विष आहे. म्हणजे दिवसाला पाच ग्रॅम विष काढायचं, आणि त्याला कागदावर पाव किलो कोळसा पुरतो. प्रत्यक्षात तिप्पट-चौपट लागला तरी दिवसाला किलोभर. हे गावाच्या आवाक्यातलं आहे. आता एक रंगकारखाना घेऊ. दिवसाला दहा लाख लिटर सांडपाणी आणि लिटरमागे शंभर मिलिग्रॅम रंग. म्हणजे दिवसाला शंभर किलो रंग, आणि तो धरायला रोज पाच टन कोळसा. त्यासाठी रोज सतरा ते वीस टन पऱ्हाटी लागेल, आणि रोज पाच टन विषारी कोळसा बाहेर पडेल.

या दोन आकड्यांमध्ये माझं म्हणणं सामावलेलं आहे. थोडं विष पुष्कळ पाण्यातून काढायचं असेल, शेवटचा हात फिरवायचा असेल, तर कोळसा उत्तम. ढीगभर विष नदीत सोडण्याआधी ‘धुऊन’ घ्यायचं साधन म्हणून तो अपुरा. तिथे रंगाचा वापर कमी करणं, पाणी पुन्हा वापरणं आणि प्रक्रिया केंद्र रोज चालवणं, यांना पर्याय नाही. शेतकऱ्याचा कचरा स्वस्तात मिळतो म्हणून कारखान्यानं प्रदूषण करत राहावं, असा व्यवहार आपण होऊ देता कामा नये.

आता तिसरा प्रश्न. कोळसा भरला. पुढे काय?

सक्रिय कोळसा सातशे-आठशे अंशांवर पुन्हा तापवून मोकळा करता येतो, पण त्यासाठी मोठी यंत्रणा लागते आणि दर खेपेला काही माल घटतो. उद्योगांतून निघणारा असा वापरलेला कोळसा २०१६ च्या घातक कचरा नियमांत घातक कचऱ्याच्या यादीत आहे. तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या विल्हेवाट केंद्रात गेला पाहिजे. गावातल्या कोळशासाठी अशी कुठलीच वाट आज ठरलेली नाही. शिसं धरलेला कोळसा कुणी उकिरड्यावर टाकला, उकिरडा शेतात गेला, किंवा तो चुलीत जाळला गेला, तर जे पाण्यातून काढलं ते ताटात आणि श्वासात परत आलं. विष एका जागेवरून दुसरीकडे नेण्याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही.

धातू कधीच नष्ट होत नाहीत. त्यांच्यासाठी कोळसा मोजून वापरणं आणि मोजून परत गोळा करणं हाच मार्ग आहे. सेंद्रिय विषाचं मात्र वेगळं आहे. त्याचे रेणू तुटू शकतात, आणि तोडणारे कामगार मातीत फुकट मिळतात. ते म्हणजे जिवाणू आणि बुरशी.

इथे मला स्वीडनमधल्या एका साध्या युक्तीची आठवण करून द्यायची आहे. १९९० च्या दशकात तिथल्या शेतांवर जैवखड्डे दिसू लागले. फवारणी यंत्र जिथे भरतात आणि धुतात, तिथे साठ सेंटिमीटरच्या आसपास खोल खड्डा. तळाशी चिकणमातीचा थर, वर निम्मं काड, पाव हिस्सा माती, पाव हिस्सा पीट (दलदलीतला कुजलेला पाला) यांचं मिश्रण, आणि सर्वांत वर गवत. यंत्र त्या खड्ड्यावरच उभं करून भरायचं. सांडलेलं औषध मिश्रण धरून ठेवतं, काडावर वाढणारी बुरशी ते हळूहळू तोडते. काही वर्षांनी ते मिश्रण काढून आणखी कुजवतात आणि खड्ड्यात नवं भरतात. शेतातून वाहत येणाऱ्या विषाइतकंच, किंबहुना त्याहूनही जास्त विष पंप भरण्याच्या आणि धुण्याच्या जागेवरून पाण्यात उतरतं, हे लक्षात आल्यामुळे तो उपाय पुढे आला.

आपल्याकडे पंप कुठे भरतात? विहिरीच्या थारोळ्यात, हापशाजवळ, ओढ्याच्या काठी. पाणी जिथे असेल तिथे. औषधाचं झाकण तिथेच उघडतं, पंप तिथेच धुतला जातो, रिकामी बाटली तिथेच पडते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंची कारणं अनेक होती आणि कोळशाचा खड्डा हे त्यांचं उत्तर नव्हे. पण ज्या विषानं माणसं मारली, तेच विष दर हंगामात आपल्या पिण्याच्या पाण्याशेजारी सांडतं, हे आपण किती दिवस पाहत राहणार?

आपल्याकडे पीट नाही, पण कंपोस्ट आहे, कुटार आहे, माती आहे, आणि पऱ्हाटीचा कोळसा आहे. कोळसा विषाला थोपवतो आणि जंतूंना काम करायला वेळ मिळतो. प्रमाण सांभाळावं लागेल. कोळसा फार घातला तर तो विषाला इतकं घट्ट धरतो की जंतूंना ते मिळतच नाही, आणि ते तसंच पडून राहतं. म्हणून आधी थोड्या जागी, मोजमाप करून, मग गावोगाव. कापसाच्या काड्यांनी कापसाचं विष आवरायचं, आणि मग ते मातीतल्या जिवांच्या हवाली करायचं. तिसऱ्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

मातीत बायोचार घालण्याबद्दल दोन शब्द. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तिथल्या मूळ रहिवाशांनी कोळसा, हाडं, खापऱ्या आणि कचरा मिसळून केलेली काळी माती शेकडो वर्षांनंतर आजही सुपीक आहे. त्यावरून आपल्याकडेही सरसकट सल्ले दिले जातात. पण ती माती मुळात आम्लधर्मी होती. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीला राखयुक्त कोळसा मानवेल. विदर्भातल्या काळ्या जमिनीचा सामू मुळातच आठच्या आसपास किंवा वर असतो. तिथे भारंभार कोळसा घातला तर लोह आणि जस्त पिकाला मिळणं आणखी अवघड होईल. शिवाय कोळसा तणनाशकही धरतो, मग फवारणी फुकट जाते आणि माणूस जास्त फवारतो. आणि मातीत गेलेला कोळसा परत काढता येत नाही. म्हणून आधी मातीपरीक्षण.

आता या कोळशाला जगाच्या बाजारात भाव येऊ लागला आहे. बायोचारमधला कार्बन शेकडो वर्षं मातीत टिकतो, म्हणून हवेतला कार्बन कमी करण्याचा मार्ग म्हणून त्याची मोजणी होते. जानेवारी २०२५ मध्ये गूगलनं भारतातल्या ‘वराह’ या कंपनीकडून एक लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकी कार्बन-क्रेडिट घेण्याचा करार जाहीर केला. पैसा येतो आहे हे चांगलं. पण कोळशाच्या धंद्याचा आपला इतिहास विसरून चालणार नाही. रायगडमधल्या कातकरी कुटुंबांनी उचल घेऊन पिढ्यान्‌पिढ्या कोळसा भट्ट्यांवर काम केलं. धूर त्यांनी गिळला, कर्ज त्यांच्या डोक्यावर राहिलं आणि नफा दुसऱ्यांनी नेला. नव्या भट्ट्यांवर हे पुन्हा घडता कामा नये. पऱ्हाटी देणाऱ्याला तिचा भाव मिळाला पाहिजे. भट्टीवरच्या माणसाला पूर्ण मजुरी, मुखवटा आणि हातमोजे मिळाले पाहिजेत, आणि तिथे मुलं राबता कामा नयेत.

शेवटी, काय करायचं ते नेमकं सांगतो. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवणारं महाविद्यालय आहे. कोळशाची धारणक्षमता दाखवणाऱ्या आयोडीन अंक आणि मेथिलीन ब्ल्यूच्या चाचण्या तिथल्या प्रयोगशाळेत होऊ शकतात, सामू आणि राखही मोजता येते. कीटकनाशकांच्या अंशांच्या तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेकडे नमुने धाडावे लागतील, ती व्यवस्था कृषी विद्यापीठानं करावी. येत्या हंगामाअखेर चार-पाच गावांनी आपली पऱ्हाटी पेटवण्याऐवजी खड्ड्यात तिचा कोळसा करावा. खरिपाआधी प्रत्येक गावात पिण्याच्या पाण्यापासून दूर, पंप भरण्याची एक जागा ठरवावी आणि तिथे कोळसा, कुटार, कंपोस्ट आणि माती यांचा खड्डा तयार करावा. ग्रामपंचायतीनं एक वही ठेवावी: कोळसा कोणी केला, किती घातला, केव्हा बदलला, काढलेला कुठे गेला. विद्यार्थ्यांनी आसपासच्या विहिरींचं पाणी हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासून घ्यावं आणि आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. आकडे चांगले आले तर पुढे जाऊ, वाईट आले तर मिश्रण बदलू.

या कामाला मोठा निधी किंवा परदेशी यंत्र लागत नाही. लागते ती मोजण्याची शिस्त आणि वापरलेल्या वस्तूची जबाबदारी शेवटपर्यंत घेण्याची तयारी. माझ्या परीनं या कामात मी असेन. या सभागृहातल्या ज्या गावांना सुरुवात करायची आहे, त्यांनी आज जाण्यापूर्वी संयोजकांकडे आपलं नाव द्यावं. गुरुजींचं स्मरण करण्याची ही रीत त्यांना पसंत पडली असती, असा मला विश्वास आहे.